मधमाश्यांच्या घरची उमेदवारी

हळदीकुंकवाला, महिला मंडळात, एसटीच्या थांब्यावर, कुठेही मधपेट्यांचा विषय निघाला की बायका मला दोन प्रश्न हमखास विचारतात. ‘अहो ताई, चावत नाहीत का त्या?’ आणि ‘मध किती मिळतो?’ पहिल्याचं उत्तर, चावतात. दुसऱ्याचं उत्तर, त्यांचं पोट भरून उरेल तेवढा. पण हे शिकायचं कुठे, शिकवतं कोण आणि शिकायला दिवस किती लागतात, हे फारसं कुणी विचारत नाही. मैत्रिणींनो, आज त्याच्याबद्दलच लिहायचं आहे. कारण आमच्या गटातल्या सहा जणींनी हे शिक्षण घेतलं, आणि त्यातल्या काहींनी त्यासाठी कर्जही काढलं होतं.

आमचा बचत गट चौदा जणींचा. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागातलं आमचं तालुक्याचं गाव. पापड, कुरडया, गोडा मसाला, दिवाळीचा फराळ हे सगळं आम्ही करून बसलो होतो. अडचण अशी की शेजारच्या गल्लीतला गटही तेच करतो आणि त्याच्या पलीकडचाही तेच. प्रदर्शनात दहा टेबलं मांडली की नऊ टेबलांवर नाचणीचे पापड. अशात 2022 च्या मे महिन्यात महाबळेश्वरजवळचं मांघर हे ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं आणि पेपरात बातमी आली. आमच्या गटातली सगळ्यांत धाकटी, पंचविशीतली एक सून, कात्रण घेऊन बैठकीला आली. तिच्या घरी कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट असतो. ती म्हणाली, ‘ताई, दोन वर्षं झाली, गोंडे फुलतात पण बी धरत नाही. सासरे म्हणतात माश्या येत नाहीत पूर्वीसारख्या.’

मग आम्ही मांघरला जाऊन आलो. तिथली बहुतेक घरं या व्यवसायात आहेत. परसदारी, पायरीशेजारी, फणसाखाली पेट्या ठेवलेल्या आणि त्यांच्यामधून माणसं आपापली कामं करत फिरतायत. आम्ही मात्र पदर डोक्यावर ओढून एकमेकींना चिकटून चाललो होतो.

महाबळेश्वरला महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मधुसंचालनालय आहे. मधकेंद्र योजनेत प्रशिक्षण मोफत मिळतं. साहित्य घ्यायचं तर निम्मी रक्कम अनुदान म्हणून आणि निम्मी आपली, शिवाय मधाची हमीभावाने खरेदी. चौकशी करायची ती जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांच्या कार्यालयात. अटी आणि तारखा तिथेच विचाराव्यात, शेजारणीने सांगितलेल्या ऐकू नयेत. पुण्यालाही खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, 1962 सालापासूनची. तिथेही वर्ग चालतात. आम्हाला महाबळेश्वर जवळचं, म्हणून आम्ही तिथलं दहा दिवसांचं निवासी प्रशिक्षण निवडलं.

दहा दिवस निवासी. हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. चौदा जणींनी हात वर केले होते, प्रत्यक्षात सहा जणी निघालो. एकीच्या दिरांनी विचारलं, ‘माश्या पाळायला दहा दिवस कशाला? कोंबड्या पाळायला कुणी शिबिराला जातं का?’ एकीच्या मुलाची सहामाही होती. एकीला नवऱ्याने नाही म्हटलं नाही, फक्त रोज रात्री जेवताना गप्प राहायला लागला. ती आपणच ‘पुढच्या वेळी’ म्हणाली. पण त्या धाकट्या सुनेच्या सासूबाईंची कमाल. त्यांनी स्वतःहून सांगितलं, ‘दोन भाकऱ्या मला येतात थापता. तू जा. पण परत येऊन मला नीट सांग सगळं.’ लग्नानंतर माहेर सोडून दुसरीकडे मुक्काम करण्याची त्या मुलीची ती पहिलीच वेळ.

पहिले दोन दिवस वर्ग. फळा, तक्ते, वही. आमच्यातल्या एक मावशी साठीच्या, शाळा चौथीपर्यंतच. ‘मला लिहायला लागेल का?’ म्हणून घाबरलेल्या. पण सरांनी माश्यांच्या जाती विचारल्या तेव्हा सगळ्यांत आधी बोलल्या त्याच. आग्या मोहोळ कड्याला नाहीतर उंच झाडाला, उघड्यावर, एकच मोठं पोळं. फुलोरी झुडपात, तळहाताएवढं पोळं. सातेरी अंधारात, झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, एकाशेजारी एक पोळी लावते. लहानपणी गुरांमागे फिरताना पाहिलेलं सगळं. सर म्हणाले, ‘अर्धा अभ्यासक्रम मावशींनी संपवला.’ पेटीत पाळता येते ती सातेरी आणि बाहेरून आणलेली मेलिफेरा, कारण या दोघी अंधारात समांतर पोळी बांधतात. आग्या आणि फुलोरीला उघड्यावरच राहायचं असतं. त्यांना पेटीत कोंडलं तर त्या राहणार नाहीत.

पेटीची गोष्ट मला फार आवडली. लँगस्ट्रॉथ नावाच्या एका अमेरिकन धर्मोपदेशकाच्या 1851 साली लक्षात आलं की माश्या पोळ्यांच्या मध्ये ये-जा करायला ठरावीक रुंदीची वाट सोडतात, पाव इंचाहून थोडी जास्त. त्याहून कमी जागा ठेवली तर चिकट रोगणाने बुजवून टाकतात, जास्त ठेवली तर तिथे आणखी एक पोळं बांधतात. बरोबर तेवढीच वाट ठेवून त्याने लाकडी चौकटी पेटीत लटकवल्या आणि चौकट सहज वर काढता येऊ लागली. त्याआधी मध घ्यायचा म्हणजे घर मोडूनच घ्यायचा. आपल्याकडे जाळ करून मोहोळ झाडतात, त्यात पिल्लं, अंडी सगळी जळतात. मावशी म्हणाल्या, ‘आम्ही पोळं पिळायचो तेव्हा पांढरं दूध यायचं त्यात. ती पिल्लं होती होय!’ नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

कामकरी माशीचं वेळापत्रक ऐकून मात्र हशा पिकला. जन्मली की आधी घर झाडायचं, मग पिल्लांना भरवायचं, मग मेण तयार करून पोळी बांधायची, मग दारावर पहारा, आणि साधारण तीन आठवड्यांची झाली की बाहेर पडायचं फुलांवर. म्हणजे तरुणपणी घरातली कामं आणि म्हातारपणी बाहेरची. ‘आता सासूबाईंना बाजारहाट सांगायला हरकत नाही,’ असं कुणीतरी म्हटलं. राणीची गोष्ट आली तेव्हा हसू थांबलं. राणी आणि कामकरी यांचं अंडं तेच. फरक खाण्याचा. पहिले काही दिवस सगळ्याच अळ्यांना पौष्टिक रस मिळतो, राणी व्हायची ती मात्र शेवटपर्यंत त्याच्यावर वाढते आणि दोन आठवड्यांच्या थोडं वर जाऊन बाहेर येते. एक जण हळूच म्हणाली, ‘आमच्या घरी दूध फक्त भावाला असायचं.’ सरांनी पुढचा तक्ता लावला. पण वर्गातल्या प्रत्येकीने ते ऐकलं होतं.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली, आणि खरं शिक्षण तिथे सुरू झालं. डोक्यावर जाळीची टोपी, हातात धुराचा डबा. त्यात वाळलेली गोवरी किंवा गोणपाटाचा तुकडा जाळायचा, धूर थंड आणि थोडाच द्यायचा. धुराने माश्यांना आग लागल्यासारखं वाटतं, त्या मध पिऊन घेतात आणि जरा शांत होतात. पेटीच्या दारासमोर उभं राहायचं नाही, मागे राहायचं. चौकट सरळ वर उचलायची, तिरकी केली तर शेजारच्या चौकटीवरच्या माश्या घासून मरतात. आणि ती पेटीच्या वरच धरायची, म्हणजे राणी पडली तर आपल्या घरात पडेल, गवतात नाही.

हातमोजे आम्ही सगळ्यांनी मागितले होते. दुसऱ्या दिवशी तीन जणींनी ते काढून ठेवले. जाड मोज्यांत बोटांना कळत नाही, माशी चिरडते, आणि चिरडलेल्या किंवा डंख मारलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या खवळतात. हा वास पिकलेल्या केळ्यासारखा येतो. तो आला की पेटी शांतपणे झाकायची आणि बाजूला व्हायचं. इथे आपल्या बायकांचा हात उपयोगी पडतो, असं माझं स्पष्ट मत आहे. तव्यावरची पुरणपोळी न फाटता उलटणाऱ्या हाताला घाई कुठे करायची नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्याबरोबर आलेले काही तरुण मुलगे चौकटी उपटल्यासारख्या काढत होते आणि डंख खात होते.

डंख आम्हीही खाल्ले. नांगी कातडीत अडकून राहते, तिच्याबरोबरची विषाची पिशवी विष सोडत राहते, म्हणून क्षणही न घालवता नखाने खरवडून काढायची. थोडी सूज, थोडी खाज, चालायचंच. पण कुणाला अंगभर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. अशा व्यक्तीने हा उद्योग करू नये. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

सरांनी एक सवय आम्हाला लावली, तिचं मोल पुढे कळलं. राणी शोधत बसू नका, अंडी शोधा. सूर्य पाठीशी घ्या, चौकट तिरपी धरा आणि षटकोनी घराच्या तळाशी बघा. सुईच्या टोकाने ठेवल्यासारखा पांढरा धागा दिसेल. उभा असेल तर आजचा, आडवा झाला असेल तर तिसऱ्या दिवसाचा. अंडं दिसलं म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. झालं काम, झाका पेटी. पेटी जितकी जास्त वेळ उघडी तितका त्यांना त्रास. मावशींना जवळचं दिसेना, तर त्यांनी सुनेचा मोबाइल मागवून घेतला आणि फोटो मोठा करून अंडी पाहिली. साठीच्या बाईने हा मार्ग शोधला, सरांनाही सुचला नव्हता.

एक दिवस चौकटीवर एक माशी पोट थरथरवत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरताना दाखवली. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने या नाचाची भाषा उलगडली आणि 1973 साली त्यांना नोबेल मिळालं. पोळ्यावर सरळ वरच्या दिशेने नाच म्हणजे फुलं सूर्याच्या दिशेला, बाजूला कललेला म्हणजे तेवढ्याच कोनात बाजूला. पुस्तकात वाचलं असतं तर मी विसरले असते. डोळ्यांसमोर ती इवलीशी जीव तोडून पत्ता सांगत होती आणि बाकीच्या तिच्या मागे मागे फिरून तो पाठ करत होत्या.

दहा दिवसांनी प्रमाणपत्रं मिळाली. फोटो निघाले. घरी येऊन काहींनी ते भिंतीवर लावलं. सहा जणींनी मिळून बारा पेट्या घेतल्या, प्रत्येकी दोन. आपल्या वाटच्या निम्म्या रकमेसाठी तिघींनी गटाकडून कर्ज उचललं.

काही पेट्या भरलेल्या मिळाल्या, काहींत माश्या आपण पकडून भरायच्या होत्या. 2023 च्या जानेवारीत आमच्याच गावातल्या एका जुन्या वाड्यात बंद खिडकीच्या मागे सातेरीचं मोहोळ असल्याचं कळलं. मालक त्यावर रॉकेलचा बोळा फिरवणार होते. महाबळेश्वरकडचे एक अनुभवी मधपाळ काका आम्ही बोलावले. ते आले आणि ओट्यावर बसून राहिले. म्हणाले, ‘मी सांगतो, हात तुम्ही चालवा.’

दुपार कलल्यावर फळी काढली. आत सात पोळी, ओंजळीसारखी एकामागे एक. कडेची मधाची वेगळी ठेवली. मधली पिल्लांची, ती धारदार सुरीने कापून चौकटीत बसवायची आणि केळीच्या सोपटाने बांधायची. वरची बाजू वरच ठेवायची, कारण घरं किंचित वर कललेली असतात, पोळं उलटं बांधलं तर सगळा हिशेबच उलटा. माश्या पुढे सोपट कुरतडून टाकतात आणि पोळं स्वतः लाकडाला जोडून घेतात. तोवर अर्ध्या माश्या भिंतीच्या कोपऱ्यात घोस करून बसल्या होत्या. ती धाकटी सून पुढे झाली. उघड्या हाताने ओंजळीत तांदूळ घ्यावेत तसा तिने तो घोस उचलला आणि पेटीत सोडला. दोन-तीन ओंजळींनंतर काका म्हणाले, ‘थांब. बघ, गेली राणी आत.’ आम्हाला राणी दिसली नव्हती. पण पेटीच्या दारात माश्या शेपट्या वर करून पंख हलवत उभ्या राहिल्या होत्या आणि भिंतीवरच्या, छतावरच्या सगळ्या रांगेने आत चालल्या होत्या. नवा पत्ता सांगितला जात होता. अंधार पडेपर्यंत भिंत रिकामी झाली. वाड्याचे मालक म्हणाले, ‘माझ्या चार पिढ्या गेल्या यांना घाबरण्यात.’

त्या मे महिन्यात सगळ्या पेट्यांचा मिळून नऊ किलो मध निघाला. नव्या वसाहती होत्या, तेवढाही खूप झाला. सगळ्या खूश. आणि मग पाऊस आला.

मैत्रिणींनो, या उद्योगाची परीक्षा मध काढण्यात नाही, पावसाळा पार करण्यात आहे. फुलं नाहीत, बाहेर पडता येत नाही, साठा संपत जातो. सातेरीचा स्वभाव असा की पोटाला कमी पडलं, मुंग्यांनी किंवा मेणकिड्याने छळलं की ती भांडत बसत नाही, सगळं सोडून निघून जाते. जून-जुलैत साखर आणि पाणी समसमान घेऊन पाक करायचा, संध्याकाळी वाटीत काड्या टाकून पेटीच्या आत ठेवायचा. बाहेर थेंब सांडला तर दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. रिकामी पोळी काढून ठेवायची, नाहीतर मेणकिडा जाळी विणतो. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. पेटी पुढे किंचित कललेली. आणि दर आठवड्याला, झड असली तरी उघाडीचा अर्धा तास गाठून आत बघायचं.

साखर कुणाच्या डब्यातली, हा प्रश्न मात्र कुठल्याच वर्गात शिकवत नाहीत. एकीच्या घरी नवरा म्हणाला, ‘पाहुण्यांना चहा करताना हात आखडतेस, आणि माश्यांना अर्धा किलो?’ ती चोरून पाक करायची. मग तेही जमेना. ऑगस्टात एके सकाळी तिच्या दोन्ही पेट्यांतून आवाज येईना. झाकण काढलं तर पोळी शाबूत, माशी एकही नाही. गटाचे हप्ते डोक्यावर, आणि पेट्या रिकाम्या. गणपतीपर्यंत बारातल्या पाचच पेट्या नांदत्या राहिल्या. सहातल्या तिघींकडे एकही नव्हती. त्यातल्या एकीने पेटीत कांदे भरून ठेवले आणि विषय बंद केला. मी तिला दोष देत नाही.

ज्यांच्या टिकल्या त्यांच्यात विशेष काय होतं ते मी शोधत होते. हुशारी वगैरे काही नाही. धाकट्या सुनेने एक वही ठेवली होती. तारीख, अंडी दिसली का, किती चौकटींवर माश्या, पाक किती दिला. सासूबाई तिला पाक करून द्यायच्या. मावशींना लिहिता येत नव्हतं, त्यांनी नातवाकडून कॅलेंडरवर खुणा करून घेतल्या होत्या. दोघींच्याही घरात साखरेबद्दल आधीच बोलणं झालं होतं. म्हणून आता नव्या मुलींना मी आधी हेच विचारते की घरी पावसाळ्याच्या साखरेचं ठरलंय का.

रिकाम्या पेटीवरचं कर्ज हा गटापुढचा मोठा पेच होता. हप्ते माफ करायचे तर बाकीच्या आठ जणींचे पैसे. बैठकीत आवाज चढले. शेवटी मावशींनीच तोड काढली. त्या म्हणाल्या, ‘माझी पेटी फुगली की तिला वाटून देईन. लेकीला माहेरची वासरी देतात की नाही?’ हप्ते सहा महिने पुढे ढकलले. जानेवारी-फेब्रुवारीत फुलोरा असतो, जोरदार वसाहतीत पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्यासारखी राणीची घरं लोंबू लागतात. 2024 च्या फेब्रुवारीत काका पुन्हा आले. राणीचं एक घर असलेली चौकट आणि पिल्लांच्या आणखी दोन चौकटी माश्यांसकट नव्या पेटीत. नवी राणी जन्मते, उडून नरांशी मीलन करून येते आणि मग अंडी घालू लागते. तोवर पेटीला हात लावायचा नाही. ज्या बाईच्या माश्या गेल्या होत्या ती रोज लांबूनच दारापाशी बसून बघायची, पायांना पिवळे परागकण लावून माश्या आत जातात का. पराग आत जायला लागला म्हणजे आत भरवायला पिल्लं आहेत. पंधरा-सोळा दिवसांनी तिने अंडी पाहिली आणि मला फोन केला. तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्याच महिन्यात दुसरं संकट. शेजारच्या रानात फुललेल्या कांद्यावर भर सकाळी दहाला औषध मारलं गेलं. दुपारपर्यंत धाकट्या सुनेच्या पेटीसमोर माश्यांचा सडा, जिभा बाहेर आलेल्या. ती रडली नाही. स्टीलच्या ताटात मेलेल्या माश्या भरल्या आणि त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर नेऊन ठेवल्या. म्हणाली, ‘दादा, तुमच्या कांद्यावरच होत्या.’ आता ते संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर फवारतात आणि आदल्या दिवशी फोन करतात. पुढच्या हंगामात त्यांनीच दोन पेट्या प्लॉटमध्ये ठेवायला मागून नेल्या. तिच्या सासऱ्यांचे गोंडेही आता भरतात. मला विचाराल तर खरी कमाई मधापेक्षा ही मोठी आहे, पण ती कुठल्या बरणीत भरून प्रदर्शनात मांडता येत नाही.

मेलिफेरा माशी मध पुष्कळ जास्त देते. पण फुलोरा संपला की तिच्या पेट्या ट्रकमध्ये घालून हलवाव्या लागतात. आपल्याकडचे मधपाळ पार राजस्थानात मोहरीवर जातात. घर, शाळा, म्हातारी माणसं सांभाळून करणाऱ्या बाईने सातेरीपासून सुरुवात करावी. मध थोडा, पण ती दारात राहते, आणि गांधीलमाशी आली तर सगळ्या मिळून तिला घेरून अंगाच्या उष्णतेने मारतात. वेड्या राघूचं मात्र काही करता येत नाही. तो तारेवर बसून टिपतोच. आम्ही त्याचा वाटा धरून चालतो.

मध विकताना दोन गोष्टी रोज सांगाव्या लागतात. मध थंडीत दाणेदार झाला म्हणजे त्यात साखर घातली असं नाही, काही फुलांचा मध गोठतोच. बरणी कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर नाही. पाण्यात थेंब सोडायचा, कुत्र्यापुढे ठेवायचा, या परीक्षांना अर्थ नाही. 2020 च्या डिसेंबरात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने मधातली भेसळ उघड केली, तेव्हा नेहमीच्या प्रयोगशाळेच्या चाचण्याही चकवता येतील असे पाक त्यात सापडले होते, तिथे वाटीभर पाण्याचं काय! आम्ही मेणाने झाकलेलाच मध काढतो. झाकणं नसलेला मध पातळ असतो, आंबतो. दुसरी गोष्ट, एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, बारशालासुद्धा नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. हे सांगितल्यावर आजी लोक माझ्यावर रागावतात. मी तरी सांगते, आणि ती बरणी विकत नाही.

आज आमच्या पाच जणींकडे मिळून तेवीस पेट्या आहेत. ज्या बाईच्या माश्या उडून गेल्या होत्या, तिचं कर्ज फिटलं. साखर आता ती उघडपणे आणते, मधाच्या पैशांतून. दर रविवारी सकाळी मावशींच्या परसात नव्या मुलींना पेटी उघडून दाखवतो. फी नाही. पण एक रविवार येऊन ‘शिकले’ म्हणणारीला मावशी परत पाठवतात. एक पाऊस आमच्या पेट्यांवर काढायचा, मग महाबळेश्वरला अर्ज करायचा, असा त्यांचा नियम आहे. यायचं असेल तर पांढरे किंवा फिके कपडे घाला, बाह्या लांब असू द्या. अत्तर नको, आणि गजरा तर मुळीच माळून येऊ नका.